दर दोन तासांनी कूस

गोव्यातल्या बोरीच्या आमच्या घरात फ्रिजवर अडीच वर्षं एक तक्ता लावलेला होता. वहीचा कागद, पट्टीने आखलेले रकाने, वर गणपतीचं लोहचुंबक. डावीकडे वेळा: सहा, आठ, दहा, बारा. उजवीकडे 'डावी', 'पाठ', 'उजवी' आणि ज्याने केलं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. आईची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे. पहाटे दोन आणि चारच्या रकान्यात बहुतेक एकच अक्षर दिसे, ते वहिनीचं. शनिवार-रविवारी माझं. दादाचं अक्षर पहिल्या सव्वा वर्षात त्या तक्त्यावर एकदाही आलं नाही. तक्ता आखला होता मात्र त्यानेच, अगदी सुबक.

घरात आम्ही कोकणी बोलतो. लिहायला बसलं की मला मराठी येते, कारण शाळा मराठीच होती आणि पुढे पंचवीस वर्षं मी शिकवलंही मराठीतूनच. म्हणून हे मराठीत. संवाद काही ठिकाणी तसेच ठेवते, कारण ते दुसऱ्या भाषेत कसे म्हणायचे ते मला येत नाही.

फेब्रुवारी २०२०. शिगमा पंधरा दिवसांवर आला होता. संध्याकाळी सात चाळीसला आईचा फोन आला. मी फोंड्याला माझ्या घरी पाचवीच्या मुलांचे पेपर तपासत होते. ती म्हणाली, हाताला मुंग्या येतात. जीभ जरा जड वाटत होती तिची, पण दात काढून ठेवले असतील असं मला वाटलं. मी म्हटलं, "झोप जरा आज लवकर, उद्या बोलू." नऊ वाजता वहिनीने तिच्या हाताला बाम चोळला. पहाटे साडेपाचला वहिनी चूल पेटवायला उठली, तर आई पलंगाखाली पडलेली. उजवा हात, उजवा पाय गेला होता. तोंड वाकडं. १०८ आली, हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने एकच प्रश्न दोनदा विचारला. "धड असताना शेवटचं कधी पाहिलंत?" मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यासाठी तो विचारत होता. वहिनी म्हणाली, "रात्री नऊला. मी बाम लावला." डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. माझ्या पिशवीतल्या मोबाइलमध्ये सात चाळीसचा कॉल होता. मी काही बोलले नाही.

तेव्हा जे बोलले नाही ते पुढे भलतीकडूनच बाहेर पडत राहिलं. "बाम चोळत बसली" असं मी वहिनीबद्दल बहिणीसारख्या मैत्रिणीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं आणि दोनदा तर वहिनीच्या तोंडावरही म्हटलं. ती काही उलटून बोलली नाही. त्यामुळे मला माझंच खरं वाटायला लागलं.

बारा दिवसांनी आईला घरी आणली, नाकात नळी आणि खाली लघवीची पिशवी घेऊन. शुश्रूषा हा शब्द पाठ्यपुस्तकात फार गोड वाटतो. प्रत्यक्षात ती सगळी मापं असतात. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, भरवून झाल्यावर अर्धा तास तशीच. आधी सिरिंजने थोडं मागे ओढून बघायचं, पोटात मागचं शिल्लक आहे का. पेज, मुगाचं पाणी, नाचण्याचं तिझन (लापशी), सगळं मलमलीतून गाळून, नाही तर नळी तुंबते. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. पुढे गिळता यायला लागल्यावर नवीनच धडा. अशा माणसाला पातळ पाणी जास्त धोक्याचं, ते पटकन श्वासनळीत जातं. घट्ट तिझन बरं. आयुष्यभर जिला आम्ही "पाणी पी, पाणी पी" म्हणत आलो, तिला तहान लागली की चमच्याने लापशी.

उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. हे मला कोणी सांगायच्या आधी मी एकदा ओढलं होतं. तिचा तो आवाज सांगण्यासारखा नाही.

आणि माकडहाड. रोज बघायचं. लाल दिसलं तर बोट दाबून सोडायचं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर समजायचं, जखम आतून सुरू झाली. अडीच वर्षांत आईला एकदाच तसं झालं आणि आठवड्यात बरं झालं. या एका गोष्टीबद्दल मी कुठेही, कोणाहीपुढे फुशारकी मारते. श्रेय अर्थात पहाटे दोनच्या रकान्याचं.

आईची वाचा गेली होती, म्हणजे शब्द गेले होते. समजायचं बरंचसं, सांगता काही येत नसे. एकच शब्द राहिला: 'मागीर'. कोकणीत मागीर म्हणजे नंतर, मग. भूक लागली? मागीर. दुखतं? मागीर. रागावली की "मागीर, मागीर, मागीर!" असा तडतडाट. पाहुणे हसत, कारण गोव्यात कुठलंही काम घेऊन गेलात तरी पहिलं उत्तर हेच मिळतं. पण गाणं येत असे. पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या अंगणात, धालो खेळताना बायका दोन रांगांत गातात, ती गाणी वहिनीने नुसती सुरू केली की आई पुढच्या ओळी अख्ख्या म्हणायची, शब्दन् शब्द. पाणी मागता येत नव्हतं त्या तोंडाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं आणि गाणं मेंदूत एकाच जागी नसतं. वहिनीने त्याचा उपयोग करून घेतला. औषधाची गोळी ती गाण्याच्या ओळींमध्ये गिळवायची.

घरी आणली आणि महिन्याभरात देश बंद झाला. मार्चच्या त्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात किराण्याची दुकानंसुद्धा बंद होती. मोठ्यांचे डायपर कुठून मिळणार? फिजिओथेरपिस्ट यायचा थांबला. वहिनीने आईचीच जुनी लुगडी काढली, नऊवारीचे तुकडे केले, आणि घरात तान्हं मूल असल्यासारखी मागच्या दारी दोऱ्यांवर फडक्यांची रांग लागली. कुळागरातली, म्हणजे आमच्या बागायतीतली, सुपारी वाळवायची जागा त्यांनी व्यापली. दादा म्हणाला, "सुपारी कुठे घालू?" वहिनी काही म्हणाली नाही, आत गेली. मला वाटतं आमच्या घरातली भांडणं अशीच व्हायची, एकानेच बोलून.

मी एकदा दोघांच्या वाटचं बोलले. पहाटेच्या पाळीवरून. दादाचं म्हणणं, दुकान बघतो, कुळागर बघतो, नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला शोधून आणतो, औषधं आणतो, पैसे भरतो. खोटं काही नव्हतं त्यात. पण घरातल्या कामाचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडते: केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषांचा ९७. घरच्यांची काळजी घेण्यात बाईची १३४ मिनिटं, पुरुषाची ७६. मी हे आकडे पेपरातून कापून फ्रिजवर तक्त्याशेजारी लावले. दादाने वाचले आणि म्हणाला, "शहात्तर? मग मी बरा की." त्याला वाटलं, औषधं आणायला फोंड्याला जाऊन येणं त्यात धरलंय.

खरं सांगायचं तर दादाला अडवत होती ती लाज. आईचं अंग मुलाने बघायचं नाही, असं त्याच्या मनात खोल बसलेलं. सुनेने बघितलेलं चालतं, लेकीने चालतं, कर्नाटकातल्या हावेरीहून आलेल्या परक्या बाईने चालतं.

ती परकी बाई म्हणजे अक्का. २०२० च्या दिवाळीनंतर आम्ही दिवसपाळीला केअरटेकर ठेवली. हिशेबात बसत नव्हतं, पण वहिनीची कंबर धरली होती. आईला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० मिळत, वहिनीला गृह आधारचे १,५००. गृह आधार म्हणजे महागाईत गृहिणीच्या हाताला थोडा आधार अशी कल्पना. आमच्याकडे ते पैसे खात्यात आले की डायपरच्या दुकानात जात. अक्काचा पगार आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतला, मस्कतच्या धाकट्याने अर्धा. अक्काची दोन मुलं गावी तिच्या सासूजवळ होती. तिची सासूही आजारी. म्हणजे आमच्या आईची कूस बदलायला ती आली आणि तिच्या सासूची कूस बदलायला तिची बारा वर्षांची मुलगी शाळा सोडून बसली. हे तिने मला सहज सांगितलं, नळी धुताधुता. मी शिक्षिका. मुलीला शाळेत पाठव, असं तोंडावर आलं होतं. कुठल्या तोंडाने सांगणार होते?

एप्रिल २०२१ मध्ये मुलगी तापाने आजारी म्हणून अक्का गावी गेली आणि तिकडेच अडकली. ९ मेपासून गोव्यात संचारबंदी लागली. त्या दिवसांत चाचणीला गेलेल्यांतला साधारण दुसरा माणूस पॉझिटिव्ह निघत होता. मी शाळेचे ऑनलाइन वर्ग बोरीहूनच घ्यायचे ठरवून आईकडे राहायला आले होते. आधी वहिनीला ताप आला, दोन दिवसांनी मला. दोघींना वरच्या खोलीत बंद करून घ्यावं लागलं. खाली आई आणि दादा.

शेजारच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, सिस्टर राहते. सिस्टर म्हणजे नन नव्हे. कुवेतच्या हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स होती म्हणून सगळा वाडा तिला सिस्टर म्हणतो. भयंकर फटकळ. तिच्या अंगणातला फणस आमच्या बाजूला पडतो यावरून बाबांशी तिची पंधरा वर्षं बोलाचाली बंद होती. पहिले चार दिवस तिने दादाला फोनवरून चालवलं: आता सिरिंज भर, आता वर धर, घाई करू नको. आम्ही वरून ऐकायचो. दादा डायपर तेवढा बदलत नव्हता. तोंडाला रुमाल बांधून त्याने वाड्यावरच्या दोन बायकांना विचारून पाहिलं. त्या दिवसांत कोण येणार? रात्री वहिनी डबल मास्क आणि हातमोजे घालून, ताप अंगात असताना, खाली उतरून बदलून आली. मी तिला अडवलं नाही. मला उठवत नव्हतं हे खरं, पण अडवलंही नाही.

मग १५ तारखेच्या रात्री तौक्ते आलं. रविवारी सकाळपर्यंत वाऱ्याने कुळागरातल्या माडती (सुपारीची झाडं) मोडून एकमेकींवर टाकल्या होत्या. वीज रात्रीच गेली, मागोमाग मोबाइलचं नेटवर्क. आईच्या अंगाखाली हवेची गादी होती, ती जिच्या फुग्यांत आळीपाळीने हवा भरते, ती. त्या गादीचा पंप विजेवर चालतो, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. गादी बसली. म्हणजे खाली नुसतं प्लास्टिक आणि त्याखाली कडक पलंग, आणि दोन तासांचा हिशेब एका तासावर आला. वहिनीला त्या रात्री १०३ ताप होता. जिन्यापर्यंत आली आणि तिथेच बसली.

खालून टॉर्चचा उजेड दिसत होता. मग तो विझला. अंधारात काहीतरी हलवल्याचा, पडल्याचा आवाज. दादाने टॉर्च बंद करून डायपर बदलायला घेतला होता. दिसू नये म्हणून. व्हायचं तेच झालं, सगळं चादरीला लागलं, भिंतीलासुद्धा, आणि मग तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. मी असा आवाज बाबा गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

तेवढ्यात खिडकीबाहेर सिस्टरचा आवाज. रेनकोट घालून, हातात मोठी बॅटरी घेऊन, गडगा ओलांडून ती पावसात आमच्या व्हरांड्यात येऊन उभी होती. सत्तरीच्या पुढची बाई. दादाला म्हणाली, "रडप मागीर. पयलीं तिका कुशीर कर." रड नंतर, आधी तिला कुशीवर कर. आणि बॅटरी खिडकीच्या गजांतून आत सोडली, सरळ पलंगावर.

पुढचा पाऊण तास तिने त्याच्याकडून एकेक गोष्ट करून घेतली. कोमट पाणी, पुढून मागे पुसायचं, उलट नाही. कोरडं करायचं, घासायचं नाही, टिपायचं. चादर बदलायची ती माणसाला उचलून नाही, अर्धी गुंडाळून पाठीखाली सारायची आणि कूस बदलली की पलीकडून ओढून घ्यायची. दोन वाकळी घडी करून अंगाखाली, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. दादाने मधेच विचारलं, "आईला लाज वाटत असेल का?" सिस्टर म्हणाली, "तिला थंडी वाटतेय. पांघरूण घाल."

आई त्या वेळी म्हणाली, "मागीर." कशाला उद्देशून, कोणास ठाऊक.

आमच्या वाड्यावर वीज चौथ्या दिवशी आली. तोवर दादाने रात्रंदिवस एकट्याने केलं. तक्त्यावर तासातासाला त्याचं अक्षर होतं. रकाने पुरले नाहीत म्हणून त्याने मधे नवीन रेघा मारल्या, पट्टीने. पुढे पहाटे चारची पाळी त्याने कायमची घेतली. पाहुणे असले की मात्र खोलीचं दार लावून घ्यायचा, आणि विचारलं तर "ही करते सगळं" असं वहिनीकडे बोट दाखवायचा. ते खोटंही नव्हतं.

त्याच वर्षीच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, एक नातलग आले होते. मोदक खाऊन झाल्यावर त्यांनी दादाला बाजूला घेतलं. आईचं मृत्युपत्र करून घे, आंगठा उठवला की झालं, पुढे बहिणींचा त्रास नको. (बहीण मी एकटीच, पण अशा बोलण्यात बहिणी नेहमी अनेकवचनीच असतात.) गोव्याच्या कायद्यात माणसाला आपल्या मालमत्तेचा अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा तसा देता येतो, उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा हक्क असतो, मुलगा-मुलगी सारखाच, आणि तो कोणाला काढून घेता येत नाही. तो जो मोकळा अर्धा, तेवढा तरी दादाच्या नावे घ्या, असं त्यांचं म्हणणं. नोटरीपुढे आईला विचारतील तर खरं, पण मान हलवेल ती. दादा गप्प राहिला. मला त्याच्या गप्प राहण्याचा राग आला. वहिनी पानं उचलत होती. ताटं तशीच हातात धरून म्हणाली, "विचारा की तिला. घर कोणाला द्यायचं म्हणून विचारा. काय सांगेल ठाऊक आहे ना? मागीर." सगळे हसले, ते नातलगही. विषय तिथेच संपला.

आई २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेली, चवथीच्या आधी. दुपारी बाराच्या पाळीला, डाव्या कुशीवर. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं माझ्याजवळ नाही. चांगली गेली असं लोक म्हणाले.

मग कागद. बाबा २००९ मध्ये गेले तेव्हाही काही केलं नव्हतं. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर बाबा. गोव्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडे अजून पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा चालतो. वारशाचा भाग २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात घेतलाय. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, माहेरहून-सासरहून वारशाने येणारीसुद्धा. म्हणजे बाबा असतानाच आई अर्ध्या घराची मालकीण होती. तिला ते कधी कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच एका वारशाच्या खटल्यात या कायद्याचं, देशापुढचं झळाळतं उदाहरण म्हणून कौतुक केलं होतं. मी वर्गात मुलांना ते कात्रण वाचून दाखवलं होतं, अभिमानाने.

वकिलांनी डीड ऑफ सक्सेशनचा मसुदा पाठवला. वारस कोण, त्यांचे जोडीदार कोण, लग्न कुठल्या पद्धतीचं, सगळं त्यात येतं. पुढे पेपरात जाहीर नोटीसही येते. शेवटच्या पानावर एक परिच्छेद जास्तीचा होता. मी माझ्या वारसा हक्काचा 'स्वखुशीने व प्रेमापोटी' त्याग करते. खाली माझं नाव, माझ्या नवऱ्याचं नाव. कायदा सामाईक मालमत्तेचा असल्यामुळे त्याची सही लागतेच. गावात याला 'हक्क सोडपाची सय' म्हणतात आणि दहा घरांत चौकशी केली तर बहुतेक घरांत कोण्या आत्याने, कोण्या बहिणीने ती केलेली असते, नंतर भावाकडे चवथीचं जेवून. कायदा तुम्हाला देतो आणि घर तुमच्याकडून परत घेतं, तेही चहा देऊन.

माझी खुशी कोणी विचारली नव्हती, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "फोंड्याला तुझा फ्लॅट आहे. आणि तू काय परकी आहेस?" परकी नाही म्हणून सोडायचं की परकी नाही म्हणून ठेवायचं, हे त्या वाक्यातून मला अजून कळलेलं नाही. नवरा म्हणाला, तू ठरव, मी दोन्हीकडे सही करतो.

मी तो परिच्छेद खोडला. रात्रभर झोप नव्हती. आधी मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते, इतके शनिवार, इतके रविवार, अक्काचा पगार. मग वाटलं, हा हिशेब कशाला? मी आईचं काहीच केलं नसतं तरी कायद्याने माझा वाटा तेवढाच होता. आणि वहिनीने अडीच वर्षं रात्री दोनला उठून केलं, त्याचा कायद्यात रकानाच नाही. तिचा जो हक्क येतो तो दादाच्या वाट्यातला अर्धा, बायको म्हणून. मी माझा वाटा सोडला असता तर तिचाही वाढला असता. म्हणजे मी हक्काने उभी राहिले ती काही अंशी वहिनीच्याच पायावर. बायकांच्या हक्कांवर शाळेत आठ मार्चला भाषण करताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

वकिलांकडे वहिनीने कागद उलटून पाहिला. "म्हजें नांव कित्याक?" माझं नाव कशाला? वकील म्हणाले, "तुमची सही नसेल तर हा कागद पुढे सरकणारच नाही." ती खुर्चीत जरा सरळ बसली. सही करायला तिने बराच वेळ घेतला, आणि केल्यावर ती लांब धरून बघितली.

त्या रात्री मी बोरीलाच राहिले. दादा न जेवता झोपला. ओट्याशी भांडी पुसताना मी वहिनीला सात चाळीसच्या फोनचं सांगितलं. सगळं. तिने हातातलं तांब्याचं भांडं पुसून फळीवर ठेवलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "फोन मीच लावून दिला होता तिला. बोटं चालत नव्हती तिची."

"मग मी तुला इतकं बोलले तेव्हा..."

"सांगून काय झालं असतं? तू शनिवारी यायची बंद झाली असतीस. मग शनिवारीसुद्धा मीच."

ती हसली नाही. दुसरं भांडं उचललं.

तिघा भावंडांनी मिळून मग एक साधा कागद केला: वहिनी आहे तोवर घर विकायचं नाही, कुळागर तोडायचं नाही. वाचून ती म्हणाली, "बरं दिसतं कागदावर." दादा माझ्याशी चार महिने बोलला नाही. आता जेवढ्यास तेवढं बोलतो. २०२३ च्या चवथीला मी गेले तर त्याने माझ्या पानात भाजी वाढली, पण बघितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सिस्टर न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा इंग्लंडात, स्विंडनला. ऑपरेशन झालं, पण उठायला वेळ लागणार. आमची हवेची गादी माळ्यावर होती ती दादाने काढून, फुगवून, कुठे गळते का ते पाहून पलीकडे नेली. या वेळी सोबत इन्व्हर्टरही. सिस्टरच्या फ्रिजवर एक तक्ता लागला, वेलांकणीच्या चुंबकाखाली. वहिनीने सांगून टाकलं होतं की तिच्याच्याने आता रात्रीचं होणार नाही, तिने सकाळचे आठ आणि दहा घेतले. शनिवार माझा. पट्टीने आखलेल्या रकान्यांत पहाटेचे दोन आणि चार आधीच भरलेले होते, दादाच्या अक्षरात. सिस्टर मला म्हणाली, "तुझा भाऊ हात थंड घेऊन येतो. सांग त्याला." मी त्याला मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या शनिवारी गेले तर तिच्या पलंगाशेजारी गरम पाण्याचा थर्मास होता, आमच्या घरातला.